हरायचं कसं, हे डाव मांडण्याआधी शिकवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणेशोत्सव आला की कोल्हापुरात पेठापेठांत मुलांच्या स्पर्धा लागतात. ज्या घरात स्वमग्न (ऑटिझम असलेलं) मूल आहे, तिथे याच दिवसांत धास्ती असते. मूल हरलं की किंचाळतं, सोंगट्या भिरकावतं, डोकं आपटून घेतं. आणि बघणारे ‘फार लाडावलंय’ म्हणून मोकळे होतात. मुलं तर ‘रडीचा डाव खडी’ म्हणून आणखी चिडवतात. म्हणून हे पत्र.

हा हट्ट आहे की मेल्टडाऊन, म्हणजे ताण असह्य होऊन मुलाचा स्वतःवरचा ताबा सुटणं, हे बहुतेक वेळा ओळखता येतं. हट्ट करणारं मूल हवं ते मिळालं की थांबतं. मेल्टडाऊनमध्ये ‘बरं बाबा, तूच जिंकलास’ म्हटलं तरी काही थांबत नाही, कारण तोवर ऐकून घ्यायची ताकदच उरलेली नसते. ‘मीच जिंकणार’ हे मुलानं मनात पक्कं धरलेलं असतं आणि ते शेवटच्या क्षणी मोडतं. त्याआधीच गोंगाट, भूक, आपली पाळी कधी येते याचा ताण साठलेला असतो. आपल्याला राग चढतोय हे यातल्या बऱ्याच मुलांना स्वतःला फार उशिरा कळतं.

अशा वेळी मोठ्यांनी करायचं ते थोडंच आहे. एकाच माणसानं जवळ थांबावं, बाकीच्या मुलांना न रागावता बाजूला न्यावं. टीव्ही, स्पीकर बंद करावा, फेकण्यासारख्या जड वस्तू उचलाव्यात, डोकं आपटत असेल तर मध्ये उशी सरकवावी. ‘मी इथंच आहे’ एवढंच बोलावं. प्रश्न विचारू नयेत, इजा होणार नसेल तर धरून ठेवू नये, आणि मोबाइलवर शूटिंग तर कोणीच करू नये. शांत व्हायला अर्धा तास लागेल, कधी त्याहून जास्त. नंतर पाणी द्यावं, झोपलं तर झोपू द्यावं. काय झालं याची चर्चा दुसऱ्या दिवशी, शक्यतो चित्र काढून.

खरी शिकवणी मात्र घरी, मूल पोटभर खाऊन निवांत असताना होते. सापशिडीनं सुरुवात करू नका. शंभर घरांचा तो डाव लांबतो, आणि नव्वदीत पोचल्यावर साप गिळतो तेव्हा अर्ध्या तासाची कमाई जाते. आधी छापा-काटा खेळा. हार काही सेकंदांत येते आणि लगेच पुढचा डाव येतो. पाच वेळा नाणं उडवायचं आणि थांबायचं. प्रत्येक डावानंतर वहीत टिक करायची, पण ती जिंकल्याची नाही, खेळल्याची. तुम्ही हरलात की दर वेळी त्याच शब्दांत म्हणा: ‘मी हरलो. वाईट वाटलं. एक मोठा श्वास. चल, परत मांडू.’ शब्द बदलू नका. हीच वाक्यं मूल पुढे स्वतःसाठी वापरतं. हे जमलं की कागदावर तीसच घरांचा पट आखा, त्यात एकच छोटा साप. ल्युडो फार पुढची पायरी आहे, कारण तिथे सोंगटी मारणारा माणूस समोरच बसलेला असतो.

डाव मांडण्याआधी चित्रांची पट्टी दाखवा: खेळायचं, कोणीतरी जिंकेल आणि कोणीतरी हरेल, हात मिळवायचा, पट आवरायचा, मग झोपाळा. झोपाळा हरल्यावरही मिळालाच पाहिजे. तो जिंकण्याचं बक्षीस झाला की हार दुप्पट जड होते. मुलाला दर वेळी मुद्दाम जिंकवणंही अंगाशी येतं. ‘खेळ म्हणजे मी जिंकणं’ हाच नियम पक्का होतो आणि गल्लीतल्या पहिल्याच डावात तो मोडतो.

आपल्या मुलांच्या खेळात एक फार चांगली सोय आहे: टाइमप्लीज. ती या मुलांना मुद्दाम शिकवा. ‘मीच जिंकणार ना?’ हा प्रश्न पुन्हापुन्हा येऊ लागला, फासा घट्ट आवळला, हातांची हालचाल वाढली की ‘टाइमप्लीज घेऊ या?’ म्हणा. दोन-तीन मिनिटं भिंत ढकलायची, पाणी प्यायचं. परत यायचं नसेल तर डाव तिथेच सोडू द्या. पळायची सवय लागेल ही भीती पालकांना वाटते. पण फुटण्याआधी थांबायला मागणं हेच तर आधी शिकवायचं आहे. कच्चं लिंबू करून खेळवणंही चालेल, मात्र ते सुरू होण्याआधी ठरवा. मध्येच नियम बदलला तर हरण्याइतकाच त्रास होतो.

मेल्टडाऊन अचानक वाढले, तर दात, कान किंवा बद्धकोष्ठतेचं दुखणं नाही ना, हे आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावं. सांगता न येणारं दुखणं असंही बाहेर पडतं.

मंडळांच्या कार्यकर्त्यांना आणि शाळांच्या क्रीडाशिक्षकांना एक विनंती. संगीत खुर्ची या मुलांना सगळ्यात अवघड जाते. मोठा आवाज, तो एकदम थांबणं, ढकलाढकली आणि सगळ्यांदेखत बाहेर जाणं, हे सगळं त्या एकाच खेळात आहे. आवाज कमी ठेवा, आणि बाद झालेल्या मुलाला गाणं सुरू-बंद करायचं काम द्या. लिंबू-चमच्यात शेवटचं मूल रेषा ओलांडेपर्यंत शर्यत चालू ठेवा. स्पर्धेचा क्रम आणि वेळ आदल्या दिवशी पालकांना कळवा, म्हणजे ते मुलाला चित्रं दाखवून तयार करू शकतील. मांडवापासून दूर, स्पीकरचा आवाज पोचणार नाही अशी एक खोली किंवा एखाद्या घराची ओसरी मोकळी ठेवा, आणि ती कुठे आहे हे पालकांना आल्याआल्या दाखवा.

आपले,
विशेष मुलांचे शिक्षक व थेरपिस्ट,
कोल्हापूर