सूचना : व्यायाम करताना ‘सगळे बघतायत’ असं वाटत असेल तर

सर्व सभासदांना नमस्कार,

वजनं उचलताना सगळ्यांच्या नजरा आपल्यावरच आहेत असं वाटतं, हे तीन-चार नव्या सभासदांनी दबक्या आवाजात सांगितलं. ही भावना इतकी सर्रास आढळते की मानसशास्त्रात तिला ‘स्पॉटलाइट इफेक्ट’ असं नावच आहे. थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांसमोर पाठवलं होतं. जवळपास निम्म्या लोकांच्या तो लक्षात येईल, असा टी-शर्ट घालणाऱ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांना तो आठवला. दोन सेटच्या मधे तुमच्याकडे बघणारा माणूस बहुतेक वेळा श्वास सावरत शून्यात बघत असतो. (आरशांमुळे भास वाढतो, हे मान्य.)

पण काही नजरा खऱ्याही असतात. त्यामुळे न मागता सल्ला देऊ नका. कुणाला इजा होईलसं दिसलं तर ट्रेनरला सांगा. शूटिंगमध्ये दुसरं कुणी येत असेल तर मोबाइल खाली ठेवा. आणि कुणी सतत टक लावून बघत असेल, तर सहन करत बसू नका, काउंटरवर सांगा. तुमचं नाव बाहेर जाणार नाही.

– व्यवस्थापन