सावंतवाडीच्या काकांना, मांडवीवरच्या त्या रात्रीबद्दल

ती. काका यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहिते आहे. डिसेंबरातल्या त्या शनिवारी पणजीच्या जेटीवर, कॅसिनोच्या बोटीच्या रांगेत तुमच्या मागे लाल सॅक घेऊन उभी असलेली कोल्हापूरची मुलगी, ती मी. माझं ओळखपत्र दोनदा उलटसुलट पाहिलं गेलं, तेव्हा तुम्ही वळून म्हणालात, "भिया नको गो. एकवीस पुरी झाली काय आणि पत्तो गोव्याचो नाय मां, येवढाच बघतत." फेब्रुवारी 2020 पासून गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत प्रवेश नाही, हे मला तिथे तुमच्याकडूनच कळलं. आपल्या महाराष्ट्रात कॅसिनोंना परवाने देणारा 1976 चा कायदा तर कधी अमलात आलाच नाही आणि 2023 मध्ये रद्दही झाला. त्यामुळे कोल्हापूर काय नि सावंतवाडी काय, मांडवीच गाठायची.

मी तोवर फोनवरच खेळले होते, अगदी थोड्या पैशांनी. ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ कायद्याने बंद झाले आणि ठरवलं, एकदा खऱ्या टेबलावर बसायचं. ओव्हरटाइमचे महिना चार हजार बाजूला टाकत पाच महिन्यांत वीस हजार जमवले. आमच्या घरात हे बोलायची सोय नव्हती. आजोबांच्या धाकट्या भावाने मटक्यात शेत घालवलं. त्यानंतर आमच्याकडे दिवाळीतसुद्धा पत्ते निघत नाहीत.

पोकरच्या टेबलाला जागा नव्हती. यादीत नाव लावून आपण डेकवर थांबलो. समोर पणजीचे दिवे. तुम्ही मला खेळातलं काहीच विचारलं नाही. विचारलंत ते एवढंच: "पैसे खयचे?" मी ओव्हरटाइमचं सांगितलं. मग म्हणालात, "गेले तर घरात सांगशीत?" मी गप्प राहिले. तुम्हीही गप्प राहिलात, आणि त्या गप्प राहण्यात मला माझं उत्तर ऐकू आलं. तिथूनच ताईला फोन लावला. ती चिडली, मग किती नेलेस म्हणाली, मग किती वाजता उठणार म्हणाली. बारा, मी सांगून टाकलं. पाच मिनिटांचा फोन, पण त्यानंतर रात्रभर माझे हात थरथरले नाहीत. काका, या एका गोष्टीसाठी मी तुमची आयुष्यभर ऋणी आहे.

वीस हजारांना मी 'बँकरोल', म्हणजे खेळाची पुंजी, म्हणत होते. तुम्ही समजावलंत की 50-100 च्या ब्लाइंडला, म्हणजे पानं वाटण्याआधी दोघांनी 50 आणि 100 भरायचे असतात अशा टेबलावर, दहा हजार म्हणजे एकदा बसण्यापुरते पैसे. दोनदा बसण्याच्या पैशांना कोणी बँकरोल म्हणत नाही. पंढरपूरला जाताना जसा खर्च काढून ठेवतो तसे हे समज, परत येतील असं धरूच नकोस, आणि आज दहाच काढ. दुसरे दहा मी सॅकच्या आतल्या कप्प्यात ठेवून चेन लावली ती तुमच्यासमोरच.

नालेबद्दलही तुम्हीच सांगितलंत. प्रत्येक डावातून कॅसिनो आपला वाटा काढतो, आणि लहान रकमांच्या टेबलावर तो वाटा फार जाणवतो. म्हणून फालतू पानांवर लहानलहान डावांत शिरत राहिलं, तर कोणी न जिंकताही पुढ्यातलं कमी होत जातं. फोनवर तासाला साठेक डाव व्हायचे, इथे पंचवीस-तीस. मला वाटत होतं कंटाळा येईल. "टकली बघ, पानां नको," म्हणालात, म्हणजे पानं नको, माणसं बघ. खरंच, आपला हात टाकून दिल्यावर माणसं किती दिसतात! समोरचा टोपीवाला चांगली पानं आली की लगेच स्वतःच्या चिप्सकडे बघायचा. हे मला दुसऱ्या तासाला दिसलं आणि फोनवर हे कधीच दिसलं नसतं.

टेबलावर मी पहिली चूक दहा मिनिटांतच केली. रेझ करायचं, म्हणजे लागलेली रक्कम वाढवायची, म्हणून पाचशेची एक चिप न बोलता पुढे ठेवली. डीलरने शांतपणे "कॉल" म्हटलं, म्हणजे लागली होती तेवढीच रक्कम मी भरली असं धरलं. एकच मोठी चिप मुकाट्याने सारली तर तो कॉलच धरतात, हे मला माहीत नव्हतं. डाव संपल्यावर तुम्ही हळूच सांगितलंत: आधी तोंडाने बोल, मग हात हलव, चिप्स एकाच खेपेत पुढे ने, आणि पानांवर एक चिप ठेव, नाहीतर टाकलेल्या पानांबरोबर तुझीही उचलली जातील. पुढे उठेपर्यंत यातली एकही चूक झाली नाही.

आता तो डाव. माझ्या हातात बदामाचा गुलाम आणि दश्शी. खाली बदामाचा राजा, बदामाची छक्की, इस्पिकची दुर्री, मग किलवरची चौकी. एक पान उघडायचं बाकी होतं, आणि ते बदामाचं आलं तर माझे पाच बदाम होणार होते. ढिगात दीड हजार होते. टोपीवाल्याने उरलेले सगळे दीड हजार लावले, दुसऱ्याने तेवढेच भरले, त्याच्याकडेही मग फारसं राहिलं नाही. शेवटची पाळी माझी. शेजारचे गृहस्थ माझ्याकडे झुकून म्हणाले, "मॅडम, भरा, बदाम येतोय." तेव्हा तुम्ही पहिल्यांदाच आवाज चढवलात: "एक हात, एक माणूस. तिका ठरवू दे." डीलरनेही मान डोलावून त्यांना थांबवलं. मी आशेने तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही खाली बघून चिप्स रचत होतात.

मग मोजायला मीच उरले. न दिसलेली पानं 46, त्यात बदाम 9. म्हणजे पाचांत एकदा. दीड हजार घालून मिळणार साडेचार, म्हणजे चारांत एकदा तरी यायला हवं. मी पानं टाकली. आणि शेवटचं पान बदामाची सत्ती आलं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तुम्ही पाहिलंत हे मला माहीत आहे. मी सॅक घेऊन उठले, तुम्ही मागून डेकवर आलात. आतल्या कप्प्याची चेन मी अर्धी उघडली होती. "तू काय चुकीचा नाय केलंस," तुम्ही म्हणालात. "बदाम इलो म्हणान हिशोब बदलत नाय." चेनबद्दल एक अक्षर बोलला नाहीत. मीच ती लावली.

बाराला पाच कमी असताना तुम्ही पुढ्यातल्या चिप्स आवरायला घेतल्यात. तुमच्याकडे तेव्हा चांगला ढीग होता आणि टेबल रंगात आलं होतं. माझ्यासाठी उठलात हे तुम्ही कबूल केलं नाहीत, पण एवढ्या रात्री एकट्या मुलीने बोटीतून उतरून मुक्कामावर कसं जायचं, याचा विचार त्या टेबलावर फक्त तुम्ही केलात. जेटीवर टॅक्सी मिळेपर्यंत थांबलात, गाडीचा नंबर ताईला पाठवायला लावलात. माझे दहा हजारांतले सात हजार तीनशे परत आले होते. गेलेल्या सत्तावीसशेचं मला जराही दुःख नाही.

कोल्हापूरला पोचल्यावर बाबांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी तुमचं नाव विचारलं, आणि मला सांगता आलं नाही. एवढंच आठवत होतं की गंजिफा रंगवणाऱ्या गावचे आहात, दशावताराच्या 120 गोल पानांचा संच लहानपणी हाताळलाय असं म्हणाला होतात, आणि रोज सकाळी मोती तलावाला एक फेरी मारता.

मार्चमधल्या दुसऱ्या रविवारी मी सावंतवाडीला येते आहे. सकाळी सातपासून तलावाच्या काठावर, राजवाड्याच्या बाजूला थांबेन. लाल सॅक असेल. बाबाही येणार आहेत, त्यांना तुम्हाला भेटायचं आहे.

तुमची,
कोल्हापूरची मुलगी