‘हातानं घडवलेला’ म्हणून विकलेला टर्कीचा बॉक्स कॉल : पैसे परत मिळण्याबाबत आणि लाल-पांढऱ्या-निळ्या झाकणांची विक्री थांबवण्याबाबत

दिनांक : १० मे

प्रति,
मा. मालक,
शिकार साहित्य विक्री कंपनी

महोदय,
स. न. वि. वि.

मार्चच्या मध्यावर मी आपल्याकडून १४५ डॉलरचा एक बॉक्स कॉल, म्हणजे झाकण कडांवर घासून टर्की या रानपक्ष्याच्या मादीची हाक काढायची लाकडी पेटी, मागवला. त्याबद्दल आपल्या ग्राहक सेवेशी इंग्रजीत लिहून झालं, फोनही करून झाले. दर वेळी नवा माणूस उचलतो आणि मला पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं. आपण मूळचे सांगलीकडचे आहात असं कंपनीच्या माहितीत वाचलं, म्हणून हे पत्र थेट आपल्याला आणि मराठीतून लिहीत आहे.

जाहिरातीत आपण लिहिलं होतं : अक्रोडाच्या एकाच ठोकळ्यातून हातानं कोरलेली पेटी, सीडरचं झाकण, प्रत्येक नग कारागिरानं कानानं जुळवलेला, आतल्या बाजूला त्याची सही आणि पन्नासांपैकी क्रमांक. फोटोत झाकण नुसतं तेल दिलेलं, लाकडाच्या मूळ रंगाचं होतं. हे वाचूनच मी एवढे पैसे मोजले. यंत्रावर बनलेले बॉक्स कॉल इथे अमेरिकेत कुठल्याही मोठ्या दुकानात वीस-तीस डॉलरला मिळतात आणि त्यातले काही चांगले वाजतातही. त्यांना माझा काही विरोध नाही, कारण ते जे आहेत तेच म्हणून विकले जातात.

माझ्या हातात जे पडलं ते असं. पेटीच्या आतल्या चारही कोपऱ्यांत वाळलेल्या गोंदाची बारीक कड दिसते. टोकाच्या तुकड्यांच्या लाकडातल्या रेषा बाजूच्या फळ्यांच्या रेषांशी जुळत नाहीत. एकाच ठोकळ्यातून कोरलेल्या पेटीत हे होऊच शकत नाही. भिंग धरून पाहिलं तर आतल्या तळावर एकासारख्या एक गोल चापांच्या खुणा आहेत, फिरत्या पात्याच्या यंत्राच्या. छिन्नीचा एकही घाव नाही. सही पेनानं केलेली नाही, लेझरनं जाळून उमटवलेली आहे. क्रमांक १७.

मी लगेच कळवलं. उत्तर आलं : लाकूड अजून बसायचं आहे, कडेवरून थोडा सँडपेपर फिरवा. बॉक्स कॉल विकणाऱ्या माणसानं हा सल्ला द्यावा याचं मला फार वाईट वाटलं. ज्या दोन कडांवर झाकण घासतं, त्याच तर आवाज देतात. त्यांची जाडी आणि किंचित बाक कारागीर पातं हलकेच ओढून, वाजवून, पुन्हा ओढून ठरवतो. एकदा गेलेलं लाकूड परत येत नाही. म्हणून तिथे फक्त बिनतेलाचा खडू लावायचा आणि जुना खडू चकचकीत झाला की भांडी घासायच्या प्लॅस्टिकच्या जाळीनं तेवढाच काढायचा, एवढंच गिऱ्हाइकाला सांगतात. आपण मिरजेच्या जवळचे, तेव्हा आपल्याला हे वेगळं सांगायला नको. तंबोऱ्याची जवारी काढणारा कारागीर घोडीवर कानस कशी आणि किती चालवतो, हे आपण पाहिलं असेल. तिथे कोणी गिऱ्हाइकाला ‘घरी थोडं घासून घ्या’ म्हणेल का?

आवाजाचंही सांगतो. टर्कीच्या मादीची साधी हाक, जिला इथे यल्प म्हणतात, तिचे दोन भाग असतात. सुरुवात स्वच्छ आणि उंच, मग आवाज मोडून खाली येतो आणि खरखरीत होतो. तो मोड जिथे येतो तिथेच नराचे कान टवकारतात. चांगल्या बॉक्स कॉलमध्ये झाकणाच्या एकाच ओढीत हे दोन्ही मिळतं, कारण झाकणाच्या खालच्या बाजूला गोलाई असते आणि कड सगळीकडे सारखी नसते. आपल्या पेटीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच सूर आहे. एका कडेवरून तर झाकण मधेच घसरतं, कारण रंग ओघळून झाकणाच्या खालच्या बाजूला गेला आहे आणि रंगावर खडू धरत नाही.

फोटो पाठवले तेव्हा आपण बदली नग पाठवला, त्याबद्दल आभार मानायचे म्हणून मी तो उघडला. त्याच्या आतही क्रमांक १७ आहे. तीच सही, आणि सहीच्या शेवटच्या वळणाजवळ जळाल्याचा जो बारीक ठिपका पहिल्या पेटीत होता, तोही त्याच जागी. दोन्ही पेट्या शेजारी ठेवून काढलेला फोटो सोबत जोडला आहे. त्याबद्दल विचारल्यावर उत्तर मिळालं की परतीची तीस दिवसांची मुदत संपली. मुदत आपण पहिल्या पेटीच्या तारखेपासून मोजलीत. बदली नग येण्यात आणि आपल्या उत्तरांची वाट पाहण्यात गेलेले दिवससुद्धा माझ्याच खात्यावर टाकलेत.

आता रंगाबद्दल. पैशांची गोष्ट एक वेळ बाजूला ठेवू, पण ही ठेवता येणार नाही. दोन्ही नगांची झाकणं लाल, पांढऱ्या आणि निळ्या पट्ट्यांनी रंगवलेली आली. ‘देशभक्ती विशेष’ असं डब्यावर छापलं आहे. नर टर्कीचं डोकं आणि मान नेमक्या याच तीन रंगांची असते आणि माजावर आलेल्या नराच्या डोक्यावर हे रंग क्षणाक्षणाला पालटतात. म्हणून शिकारीच्या सुरक्षेच्या वर्गात पहिल्याच तासाला शिकवतात की वसंतात रानात जाताना लाल, पांढरं, निळं काही अंगावर नको, मोजा नको, रुमालही नको. इथे पेनसिल्व्हेनियात वसंतातल्या टर्कीसाठी नारिंगी जाकीट सक्तीचं नाही. माणूस नखशिखांत पालापाचोळ्याच्या रंगात झाडाला पाठ टेकून बसलेला असतो आणि मादीचा आवाज काढत असतो. तो आवाज ऐकून नर येतो, तसा एखादा उतावळा शिकारीही येऊ शकतो. अशा वेळी बसलेल्या माणसाच्या मांडीवर, म्हणजे टर्कीचं डोकं असतं साधारण त्याच उंचीवर, लाल-पांढरं-निळं झाकण मागंपुढं हलताना दिसलं तर काय होईल? हातात छऱ्याची बंदूक असलेल्या, पहाटेच्या अंधुक उजेडात डोळे ताणून पाहणाऱ्या माणसाला काय दिसेल, याचा विचार हा माल मंजूर करणाऱ्यानं केला नाही.

हा कॉल मी माझ्या चौदा वर्षांच्या मुलीसाठी घेतला होता. मुख्य हंगामाच्या आधीच्या शनिवारी इथे मुलांसाठी वेगळा दिवस असतो, सोबत मोठं माणूस लागतं. त्या दिवसासाठी तिला स्वतःचा, कोणीतरी मनापासून घडवलेला कॉल हवा होता. हे झाकण मी तिच्या हातात दिलं नाही. ऐन वेळी शेजारच्या आजोबांनी त्यांचा पाटीच्या दगडाचा कॉल दिला. पण दगडावर हिकरीच्या लाकडाची काडी पेनासारखी धरून फिरवायची, त्याला वेगळा हात लागतो आणि तो एका आठवड्यात बसत नाही. सूर्य उगवायच्या आधी नर झाडावरून दोनदा गरजला, खाली उतरला, उंचवट्यापलीकडे पिसारा फुलवून फिरत राहिला आणि मग खऱ्या माद्यांमागे निघून गेला. नर आला नाही याचं खापर मी आपल्यावर फोडत नाही. तो कोणासाठीही येतो आणि कोणासाठीही येत नाही. मात्र सगळा एप्रिल जिच्यावर सराव करायचा ती पेटी तिच्याजवळ नव्हती आणि त्याला आपणच जबाबदार आहात.

‘हातानं घडवलेला’ या शब्दांना इथे मोल का आहे, तेही लिहितो, कारण आपल्या कंपनीत ते कोणाला ठाऊक असल्याचं दिसलं नाही. आर्कान्सामधल्या हेन्री गिब्सन यांनी १८९७ साली झाकणाच्या बॉक्स कॉलचं पेटंट घेतलं, आणि त्याच्या कितीतरी आधीपासून लोक टर्कीच्याच पंखातली हाडं एकात एक बसवून, ओठांनी हवा आत ओढून हाक काढत आले आहेत. साउथ कॅरोलायनाचे कारागीर नील कॉस्ट यांच्या लांब दांड्याच्या पेट्या आज संग्राहक हजारो डॉलर देऊन घेतात. नॅशनल वाइल्ड टर्की फेडरेशन या रानटर्की जपणाऱ्या संस्थेच्या नॅशव्हिलमधल्या अधिवेशनात कॉल घडवणाऱ्यांची स्वतंत्र स्पर्धा भरते. तिथे येणारे बरेचसे लोक नोकरी सांभाळून रात्री गॅरेजमध्ये लाकूड कोरणारे असतात. एका पेटीमागे त्यांची कित्येक तासांची बैठक असते. तुमची यंत्रावरची पेटी त्यांच्या किमतीला विकली गेली की नुकसान माझ्याइतकंच त्यांचं होतं.

आणि ही शिकार आवाजावरच उभी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेसुमार शिकारीनं आणि जंगलतोडीनं हा पक्षी अनेक राज्यांतून नाहीसा झाला होता. पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी सोडून पाहिले, ते रानात टिकले नाहीत. मग रानातलेच पक्षी जाळ्यांनी पकडून दुसऱ्या रानांत नेऊन सोडले, तेव्हा संख्या वाढली. पेनसिल्व्हेनियात वसंतातला पहिला हंगाम १९६८ साली झाला. या दिवसांत माद्या अंड्यांवर असतात, म्हणून दाढीचा, म्हणजे छातीवर केसांसारख्या पिसांचा झुपका असलेलाच पक्षी मारता येतो. त्याच्या मागावर दबकत जाणंही चालत नाही, बसून बोलवायचं. यंत्रावरचा ध्वनिमुद्रित आवाजही चालत नाही. आपल्याकडे फासेपारधी तोंडानं तित्तराची बोली हुबेहूब काढायचे, ते ज्यांनी ऐकलं असेल त्यांना एका सुराच्या फरकाचं महत्त्व कळेल.

माझ्या मागण्या तीनच आहेत. पहिली : १४५ डॉलर आणि टपालखर्च पूर्ण परत करावा. तिसरा नग पाठवू नये. दोन्ही पेट्या कंपनीच्या खर्चानं परत पाठवायला मी तयार आहे. दुसरी : ‘एकाच ठोकळ्यातून’, ‘हातानं’ आणि ‘पन्नासांपैकी’ हे शब्द जाहिरातीतून काढावेत, आणि ज्यांनी ते वाचून माल घेतला त्यांना तसं कळवावं. तिसरी : लाल-पांढऱ्या-निळ्या झाकणांची विक्री आजच थांबवावी आणि आतापर्यंत गेलेल्या प्रत्येक नगाच्या ग्राहकाला ईमेल करून तो रानात नेऊ नका असं स्पष्ट सांगावं. हंगाम मेअखेरपर्यंत चालू आहे. पहिल्या दोन मागण्यांना आठवडा लागला तरी चालेल, तिसरीला एक दिवसही लागू नये.

येत्या शुक्रवारपर्यंत लेखी उत्तर आलं नाही, तर कार्ड कंपनीकडे या रकमेवर हरकत नोंदवीन. बिलापासूनची साठ दिवसांची मुदत अजून शिल्लक आहे. त्याचबरोबर पेनसिल्व्हेनियाच्या ॲटर्नी जनरलच्या ग्राहक संरक्षण विभागाकडे तक्रार करीन. झाकणांचे फोटो इथल्या शिकार-सुरक्षा प्रशिक्षकांना मी कालच दाखवले आहेत, त्यासाठी आपल्या उत्तराची वाट पाहिलेली नाही.

आपला,
एक ग्राहक
मध्य पेनसिल्व्हेनिया

सोबत : खरेदीची पावती, जाहिरातीची प्रत, दोन्ही पेट्यांच्या आतल्या सहीचे आणि कोपऱ्यांचे फोटो, झाकणांचे फोटो, ग्राहक सेवेशी झालेला पत्रव्यवहार.