बायोला पत्र: खड्ड्याआधी कागद

नाशिक, १५ फेब्रुवारी

चि. बायो,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोन मी आपटला, तू नाही. वहिनी म्हणाली, पत्रच लिहा, फोनवर तुमचा आवाज चढतो. म्हणून लिहितोय. गाडी घेतलीस याचा आनंद बोलायचा राहूनच गेला. वडखळपासून पुढे अंधारात एकटीने चालवत आणलीस, हे मी इथे सोसायटीत सगळ्यांना सांगून झालं. गॅरेज बांधतेस तेही बरोबरच आहे. खाऱ्या वाऱ्यात गाडी उघडी ठेवली की दरवाज्यांच्या कडा आतून खायला लागतात.

पण सोमवारी खड्डे मारायचे म्हणालीस ना, ते नको. नगरपालिकेच्या मंजुरीचा कागद हातात येईपर्यंत कुदळ लावू देऊ नकोस. एवढं लिहून परवानगीचा विषय संपवतो.

तुझा कंत्राटदार म्हणतो, पत्र्याच्या शेडला कुठली आलीय परवानगी. लागते. खांब जमिनीत रोवून वर छप्पर घातलं की ते बांधकाम झालं. विटांचं की पत्र्याचं हे १९६६ चा नगररचना कायदा विचारत नाही. 'पावसाळी शेड दाखवू' असंही तो म्हणेल. ती सवलत पावसाळ्यापुरती असते, नंतर शेड काढावी लागते. 'घरपट्टीला लावून घेऊ, म्हणजे रीतसर झालं' हे तिसरं. घरपट्टीची पावती म्हणजे परवानगी नव्हे. कर भरलेल्या बांधकामालाही त्याच कायद्याच्या कलम ५३ ची, म्हणजे बेकायदा बांधकाम काढायची, नोटीस येते, आणि ती बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या तक्रारीवरून येते. आपला मागचा शेजारी कसा आहे ते तुला सांगायला नको.

अर्ज परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरमार्फत, ऑनलाइन जातो. सोबत मिळकत पत्रिका, मोजणीचा नकाशा, घराचा जुना मंजूर नकाशा, वापर परवाना आणि चालू वर्षाची घरपट्टीची पावती लागेल. जुना नकाशा लोखंडी कपाटात, निळ्या पिशवीत आहे. त्यावर चारही बाजूंची सामासिक जागा, म्हणजे हद्दीपासून मोकळी सोडायची जागा, लिहिलेली आहे. त्यात किती सरकता येतं हे आधी आर्किटेक्टकडून काढून घे आणि मगच शेडचं माप ठरव. कंत्राटदार उलटं करतो. आधी शेड आखतो, मग ती नियमात कोंबायला बघतो. भरतीरेषेपासून आपण ५०० मीटरच्या आत येतो का, हेही आर्किटेक्टलाच पहिल्या भेटीत विचार. आत असलो तर सीआरझेडचे, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे, नियमही बघावे लागतील आणि वेळेचा हिशेब बदलेल.

आता अडचणीचं. मिळकत पत्रिकेवर माझं आणि आत्याचं नाव आहे, तुझं नाही. म्हणजे अर्जावर आमच्या दोघांच्या सह्या लागणार, नाहीतर आत्याचं संमतीपत्र. तिला तू फोन कर. मी केला तर पुन्हा गोठ्याच्या जागेवरून सुरू होईल. आणि घर तुझ्या नावावर करायचं राहून गेलं ते माझ्याकडून. ते पुढच्या महिन्यात बघू. दादाला यातलं काही बोलू नकोस.

साठ दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं कायदा धरतो, पण नकाशा नियमात बसत असेल तरच. त्या भरवशावर काम सुरू करू नकोस. (झालं, पुन्हा तेच लिहिलं.) मंजुरी एक वर्ष चालते, म्हणजे घाई नाही. जोत्यापर्यंत काम आलं की तपासणी करून घ्यायची आणि शेवटी पूर्णत्वाचा दाखला देऊन वापर परवाना घ्यायचा. हा शेवटचा कागद सगळे विसरतात आणि घर विकताना रडतात.

तू विचारलंस, एवढ्याशा शेडला पाया किती लागणार. कंत्राटदाराने फुटाचा खड्डा सांगितलाय. तो शेडच्या वजनाचा हिशेब करतोय, आणि चूक तिथेच आहे. पत्र्याच्या शेडचा पाया तिला पेलायला नसतो, खाली धरून ठेवायला असतो. ३ जून २०२० आठव. निसर्ग चक्रीवादळाचा वारा ताशी शंभर किलोमीटरहून जास्त होता. तीन बाजू बंद आणि पुढे शटर असलेल्या शेडचं शटर एकदा वाकलं की वारा आत शिरून छपराला खालून ढकलतो, आणि वरून जाणारा वारा त्याला ओढतो. हिशेब कर. त्या वाऱ्यात एका चौरस मीटरमागे साठेक किलोचा जोर वर लागतो. तुझं छप्पर आतून ३ बाय ६ मीटर, पागोळ्या धरून वीस चौरस मीटर, म्हणजे बाराशे किलो. पत्रा आणि खालचं लोखंड मिळून अडीचशे किलोही भरत नाही. उरलेलं ओझं सहा खांबांच्या पायांनी धरायचं. फुटाचा काँक्रीटचा ठोकळा सदुसष्ट-अडुसष्ट किलोचा. दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल केला तर पाचशे चाळीस. फुटाचे दोन झाले की वजन आठपट होतं, आणि खर्च वाढतो तो नऊ-दहा पोती सिमेंटचा. आपल्या पडवीचा पत्रा त्या दिवशी नारळात जाऊन अडकला होता. खाली तू उभी होतीस.

तर दोन फुटाचेच खड्डे. काँक्रीट एम-२०, म्हणजे एक सिमेंट, दीड वाळू, तीन खडी. वाळू खाडीची आली तर गाडी परत पाठव. मीठ आतल्या लोखंडाला खातं आणि ते कळेपर्यंत पाच-सहा वर्षं गेलेली असतात. क्रश सँड, म्हणजे दगड दळून केलेली वाळू, वापरायला सांग. प्रत्येक खांबाखाली दहा मिलिमीटर जाडीची बेस प्लेट आणि १६ मिलिमीटरचे चार फाउंडेशन बोल्ट, खाली वाकवलेले, काँक्रीट ओतायच्या आधी साच्याने जागेवर धरलेले. नंतर ड्रिल मारून बोल्ट बसवतो म्हणाला तर नको म्हण. दहा दिवस पाणी मार, गोणपाट टाकून. सकाळी शाळेत जाण्यापूर्वी एकदा आणि आल्यावर एकदा पुरेल, गोणपाट सुकता कामा नये.

छपराच्या पत्र्याची जाडी तो 'पॉइंट पाच' मिलिमीटर म्हणेल आणि पॉइंट पस्तीस आणेल. दुकानातून मायक्रोमीटर मागून घे आणि पत्रा त्याच्या देखत माप. मापताना लक्षात ठेव, सांगतात ती जाडी रंगासकट असते. पर्लिन, म्हणजे पत्र्याखालचे आडवे पाइप, एकमेकांपासून चार फुटांपेक्षा लांब नकोत. स्क्रू रबराच्या वॉशरचे, पन्हळीच्या माथ्यावर. खोलगट भागात मारले की पहिल्या पावसात गळती. मधल्या भागात एक सोडून एक माथा चालेल, पण चारही कडांना प्रत्येक माथ्यावर स्क्रू हवा, कारण उडायला सुरुवात कडेने होते. उतार आपल्या अंगणाकडे. पागोळी शेजाऱ्याच्या हद्दीत पडली तर भांडण पावसाइतकं नियमित होईल.

लोखंडाचा दर चौरस फुटावर ठरवलास तर तो पातळ पाइप लावेल, किलोवर ठरवलास तर उगाच जाड. म्हणून पाइपचं माप आणि जाडी करारात लिही, दर किलोवर ठेव आणि काट्याची पावती घे. वेल्डिंग चारही बाजूंनी भरलेलं हवं; चार ठिपके देऊन वर रंग मारतात, तो दिसायला छान दिसतो. जोडावरचा मळ काढून मग प्रायमरचे दोन हात. पाइपची वरची तोंडं टोपी वेल्ड करून बंद कर, नाहीतर पाणी आत साचून खांब आतून सडतो. आपल्या खाऱ्या हवेत जस्त चढवलेला पाइप परवडला तर तोच घे.

पैसे. त्याने चाळीस टक्के आधी मागितलेत म्हणालीस. दहा दे. पाया झाल्यावर पंचवीस, सांगाडा उभा राहिल्यावर तीस, छप्पर आणि शटर झाल्यावर पंचवीस. उरलेले दहा पहिला मोठा पाऊस होऊन गेल्यावर. हे ऐकून तो तोंड वाकडं करेल. करू दे. करारावर लिही की मंजुरीपूर्वी काम सुरू करणार नाही आणि नकाशाबाहेर काही झालं तर काढायचा खर्च त्याचा. मंजुरी येईपर्यंत ॲडव्हान्सही नको.

बघ, हा तर ओव्हरसियरचा अहवाल झाला. तुझं लहानपण मी असंच मोजपट्टी घेऊन घालवलं असं तू एकदा म्हणाली होतीस. तेव्हा मी काही बोललो नाही. तुला यातलं बरंच कळतं हे मला माहीत आहे. घराची वीज तूच बदलून घेतलीस, आणि अर्थिंगचा खड्डा माझ्या पद्धतीपेक्षा चांगला केलास. पण तिथे तू एकटी आहेस, आणि मंगळवारी गुडघ्याच्या डॉक्टरांनी मला प्रवासाला एप्रिलपर्यंत नाही म्हटलंय. मी तिथे असतो तर सोमवारी सकाळी खड्ड्याच्या जागी खुर्ची टाकून बसलो असतो.

यंदाचा पावसाळा शेडशिवाय गेला तर जाऊ दे. चांगलं कव्हर घे, गाडी पडवीच्या बाजूला लाव. पण आता नारळाखाली नको.

राहता राहिली बिमली. कंत्राटदार ती तोडायला सांगतोय, तिसरा खांब तिथे येतो म्हणून. नगरपालिका हद्दीत झाड तोडायला वेगळी परवानगी लागते, हे त्याला सांग. ती कोणी लावली हे त्याला सांगायची गरज नाही. शेड दोन फूट पुढे सरकली तर खांब चुकतो असं मला इथे बसून वाटतंय, पण नुसतं वाटून उपयोग नाही. बिमलीच्या खोडापासून मागच्या हद्दीपर्यंत अंतर मोजून कळव. टेप कुंपणाच्या भिंतीला लावू नकोस. भिंत सरळ नाही. मोजणीचा दगड कोपऱ्यात आळूच्या पानांखाली आहे, तिथून धर.

तुझा,
बाबा