इन्सुलिन बर्फाजवळ ठेवू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) जवळ आला की ग्वाल्हेरमध्ये बऱ्याच घरांत इन्सुलिन फ्रिजमध्ये आणखी आत, बर्फाच्या कप्प्याला चिकटून सरकवले जाते. पारा 45च्या पुढे जाणाऱ्या गावात ही धास्ती स्वाभाविक आहे. पण औषध तिथेच नासते, आणि नासलेले डोळ्यांना दिसत नाही. म्हणून हे पत्र.

इन्सुलिन हे 51 अमिनो आम्लांचे पेप्टाइड, म्हणजे प्रथिनासारखी छोटी साखळी. बाटलीत ते पाण्यात असते. पाणी गोठू लागले की इन्सुलिनचे रेणू आणि क्षार उरलेल्या थोड्या पाण्यात दाटतात, रेणूंची घडी उलगडते आणि ते एकमेकांना चिकटतात. बर्फ वितळला तरी घडी पूर्ववत बसत नाही. 30/70सारख्या (दोन प्रकार मिसळलेल्या) दुधाळ इन्सुलिनमध्ये गुठळ्या होतात, मग एका सुईत औषध कमी येते, दुसरीत जास्त. रोज ठरलेले युनिट घेऊनही साखर वरखाली होते आणि दोष खाण्यापिण्याला दिला जातो.

उष्णतेचे नुकसान त्या मानाने हळूहळू होते. 30 अंशांच्या आतल्या खोलीत दिवसभर राहिलेले न उघडलेले इन्सुलिनचे पेन (औषध भरलेली, पेनासारखी सुई) सहसा बाद होत नाही. त्या दिवसापासून त्याची उघडल्यानंतरची मुदत सुरू झाली असे धरावे. बहुतेक इन्सुलिनांना ती 28 दिवस असते, डेटेमिर या प्रकाराला 42, डेग्लुडेकला 56. आपल्या औषधाचा आकडा पाकिटातल्या कागदावर पाहावा आणि उघडल्याची तारीख पेनावर लिहावी. एकदा गोठलेले इन्सुलिन मात्र, वितळून स्वच्छ दिसले तरी, टाकूनच द्यावे.

पेप्टाइड उणे 20 अंशांत ठेवतात, असेही कोणी वाचलेले असते. ते प्रयोगशाळेतल्या कोरड्या भुकटीबद्दल खरे आहे. भुकटीत पाणीच नसते, म्हणून थंडी तिला सोसते. तिथेही कुपी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडत नाहीत, नाहीतर हवेतली वाफ आत थिजून भुकटी ओलावते. तयार द्रावणाच्या बाटलीला हा नियम लावणे घातक आहे.

न उघडलेल्या औषधाला 2 ते 8 अंश हवेत. एका दाराच्या फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याखालचा ट्रे आणि मागची भिंत टाळावी, दोन दारांच्या फ्रिजमध्ये गार हवेच्या झरोक्यासमोरची जागा. झाकणाच्या डब्यात घालून मधल्या फळीवर पुढच्या बाजूला ठेवणे उत्तम. त्याच जागी पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर रात्रभर ठेवून सकाळी आकडा पाहावा. मे महिन्यात वाढवलेली फ्रिजची कळ पुढे कोणी कमी करत नाही, आणि हवा गार झाली की तोच फ्रिज 0च्या खाली जातो. ऋतू बदलला की कळही बदलावी.

लाइट गेली तर दार उघडू नये. फळ्यांवर पाण्याच्या भरलेल्या बाटल्या असतील तर गारवा जास्त वेळ टिकतो.

उघडलेली बाटली 30च्या आत ठेवायची, पण इथली मेमधली खोली 30च्या आत कुठे असते? काही पेनांच्या कागदावर तर उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवू नये असे लिहिलेले असते. अशा वेळी मातीची भांडी कामाला येतात : मोठ्या कुंडीत लहान मडके, मधल्या जागेत वाळू, वाळूवर दिवसातून दोनदा पाणी, वर ओले फडके. औषध घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घालून मडक्यात ठेवावे, पाण्यात बुडवू नये. कोरडी लू वाहते तोवर हे छान चालते. आषाढ-श्रावणात हवा दमट झाली की पाणी उडत नाही आणि मडके गार होत नाही. तेव्हा त्यावर विसंबू नये.

झेलम एक्सप्रेसने पुण्याला जाताना थर्मासमध्ये बर्फ टाकून त्यावर थेट बाटली ठेवणे म्हणजे पुन्हा तेच गोठवणे. बर्फाची पिशवी टॉवेलात गुंडाळावी आणि मध्ये जाड पुठ्ठा घालावा. विमानात औषध हातातल्या सामानात, आणि उन्हात उभ्या गाडीत कधीच नाही.

दुधाळ इन्सुलिन तळहातांत हलके घोळवावे, खळखळून हलवू नये. हवेशी घुसळले गेले की रेणू चिकटतात. घोळवूनही काचेला पांढरे कण चिकटून राहिले, किंवा मुळात स्वच्छ असलेले इन्सुलिन धुरकट झाले, तर ते वापरू नये. टोचून झाल्यावर सुई पेनावर ठेवू नये. तापमान बदलले की तिच्यातून औषध गळते आणि हवा आत येते.  संशय आला तर नवे पेन उघडावे आणि डॉक्टरांना कळवावे. मनाने मात्रा वाढवू नये.

औषध दुकानदारांना दोन विनंत्या. फ्रिजमधला थर्मामीटर गिऱ्हाइकाला दिसेल असा ठेवा, आणि भर दुपारी इन्सुलिन नुसत्या प्लास्टिकच्या पिशवीत देऊ नका. गार पिशवी द्या, पण कागदात गुंडाळून. आणि संपादक महोदय, आपण रोज तापमान छापता, त्या चौकटीखाली मे-जूनमध्ये 'इन्सुलिन बर्फाला टेकवू नका' एवढी ओळ छापावी.

एक फार्मासिस्ट,
लष्कर, ग्वाल्हेर