गाडी देऊ नका

पुणे, ९ नोव्हेंबर २०२५

ती. आई-बाबांस,
शि. सा. न.

काल फोनवर बाबा म्हणाले, "एक जण येऊन गाडी बघून गेलाय, नऊ हजार म्हणतोय, देऊन टाकू का?" मी तोंड उघडायच्या आत "बरं ठेवतो, बातम्या लागल्या" म्हणून फोन बंद. म्हणून हे पत्र लिहितेय. ते आई मोठ्यानं वाचून दाखवेल, तेव्हा मध्येच ठेवता येणार नाही.

बाबा, आपली येझदी मोटरसायकल देऊ नका. निदान मी येईपर्यंत तरी नको. मी २२ तारखेला शनिवारी सकाळच्या गाडीनं येतेय.

तो माणूस म्हणाला ना, की भंगारात घातली तर जेमतेम चार हजार येतील? खोटं नाही बोलला. येझदीचं वजन एकशेचाळीस किलोच्या आसपास, भंगार किलोला तीस रुपये धरलं तर तेवढेच होतात. मग त्याचे नऊ हजार दुप्पट वाटायला लागतात, तिथंच गंमत आहे. हे लोक गावोगाव फिरतात, पडवीत नाहीतर गोठ्यात ताडपत्रीखाली काय दिसतं ते बघतात आणि म्हाताऱ्या माणसाशी भंगाराचा भाव बोलतात. इथं पुण्यात चालू स्थितीतल्या, कागद नीट असलेल्या येझदी रोडकिंगला लोक लाखाच्या आसपास सांगतात. मिळतात किती ते सोडा, पण सांगतात तेवढे. आपली चालू नाही आणि कागदही अर्धवट, म्हणजे लाख विसरा. पण नऊही नव्हेत.

तुम्ही म्हणाल, तीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या म्हैसूरच्या कारखान्याची गाडी घेऊन पोरं करतात काय? मलाही आधी कळत नव्हतं. आमच्या ऑफिसात चोवीस वर्षांचा एक मुलगा आहे, त्याची येझदी त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी. त्याचा हिशोब साधा आहे. त्याच नावाची नवी गाडी दोन लाखांच्या घरात जाते, वर हप्ते. त्यानं जुनी अठ्ठेचाळीस हजारांना घेतली आणि वर्षभरात पगारातून थोडे थोडे घालत तीस हजार खर्चून उभी केली. नवी बिघडली की आधी लॅपटॉप लावतात. ही बिघडली तर प्लग, पॉइंट, कार्ब्युरेटर, फार तर कॉइल. तो रस्त्याच्या कडेला बसून उघडतो. आणि २०१८ मध्ये जावा (येझदीच्या आधीचं, त्याच कारखान्याचं नाव), २०२२ मध्ये येझदी ही नावं नव्या गाड्यांवर परत आल्यापासून ज्यांनी म्हैसूरची गाडी कधी पाहिलीही नव्हती ते आता जुनीच शोधत फिरतात. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीचा दिवस असतो. यंदा त्या मुलाबरोबर बघायला गेले होते. धुरानं डोळे चुरचुरले, पण त्या वासानं मला सरळ आपल्या अंगणात नेऊन सोडलं.

सगळ्याच जुन्या गाड्या परवडतात असं मात्र समजू नका. यामाहाची आरएक्स १०० आता आपल्यासारख्यांच्या हातची राहिली नाही. सगळ्यात मजा राजदूत ३५०ची. १९८३ साली आली तेव्हा "पेट्रोल पिते" म्हणून कुणी घेत नव्हतं, तुम्हीच तुमच्या कारखान्यातल्या पाटीलकाकांना घेऊ दिली नव्हती. आज तिचा भाव ऐकला तर पाटीलकाका तुमच्याशी बोलणं सोडतील. साधी दूधवाल्यांची राजदूत अजून स्वस्तात मिळते. येझदी या दोन्हींच्या मधे कुठेतरी आहे, आणि म्हणूनच आमच्यासारख्या नोकरदारांचा डोळा तिच्यावर.

दुरुस्तीचं मी विचारून आले. नाना पेठेत एक म्हातारे मेकॅनिक आहेत. गाडी न बघताच त्यांनी विचारलं, "किक हलते का?" तुम्हाला मी तेच विचारतेय. त्यांनी सांगितलं तसं करा: प्लग काढा, भोकातून दोन चमचे ऑइल सोडा, दोन दिवस तसंच राहू द्या, मग किक हातानं हळूच दाबून बघा. पायानं नको. हलली तर पिस्टन जाम नाही, निम्मं काम झालं. जाम असला तरी रडायचं कारण नाही. सिलिंडर बोअर करून पुढच्या मापाचा पिस्टन बसवतात. त्यासाठी पुण्याला आणायचीही गरज नाही, कोल्हापूरच्या उद्यमनगरात ही कामं करणारी माणसं अजून आहेत. क्रँक, बेअरिंगं, बोअर, पिस्टन धरून इंजिनाला पंधरा ते वीस हजार, असा त्या मेकॅनिकचा अंदाज. दोन सायलेन्सर आणि रिमांना नवं क्रोम करायचं म्हटलं तर खर्च इंजिनाच्या वर जातो, म्हणून ते मी करणार नाही. गंज असू दे. टाकीवरचा रंग तर कुणाला घासूसुद्धा देऊ नका, मूळ रंगाचीच किंमत असते.

टाकीत जुनं पेट्रोल असेल तर आधी काढा. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, ते पाणी ओढून घेतं आणि जुनं रबर खराब करतं. पुन्हा सुरू करताना जुन्या रबरी नळ्या सगळ्या बदलायला लागतील.

आता कागद. "पंधरा वर्षांवरची गाडी सरकार उचलून नेतं" हे तुम्ही टीव्हीवर ऐकलंत ते दिल्लीचं. आपल्याकडे गाडी तपासून पाच-पाच वर्षांनी नोंदणी वाढवून देतात. फी वाढली आहे. पूर्वी तीनशे होती, २०२२ मध्ये हजार झाली, यंदा वीस वर्षांवरच्या दुचाकीला दोन हजार केली. शिवाय पर्यावरण कर, उशिराचा दंड, विमा. आपला नंबर जुन्या तीन अक्षरी मालिकेतला, एमएच सुरू व्हायच्या आधीचा, त्यामुळे तो आधी संगणकावर चढवून घ्यावा लागेल. दोन-तीन हेलपाटे होतील, ते मी घालीन. तुम्ही फक्त आरसी बुक शोधा. ट्रंकेत कारखान्याच्या बोनसच्या पावत्यांबरोबर असेल. ते नसेल तर मात्र नऊ हजारवाल्याचं थोडं बरोबर आहे.

सरकारी नियमात 'विंटेज' म्हणजे पन्नास वर्षांवरची. आपली १९८६ची, म्हणजे २०३६ साली ती विंटेज होईल. तेव्हा तुम्ही एक्याऐंशीचे असाल. बघा, तिच्या आधी तुम्ही झालात.

पैशांसाठी हे सगळं लिहितेय असं वाटू देऊ नका. त्यात कमाई नाही. मी जेवढे घालीन तेवढे विकताना परत येतील याची खात्री नाही, आणि विकायचीही नाही. दादाला विचारलं. तो म्हणाला, "घे तूच, माझ्याकडे पार्किंग नाही." दादा नववीत असताना त्याला तुम्ही गाडी शिकवलीत. कॅनॉलच्या रस्त्यावर तुम्ही मागं बसायचात आणि तो पुढं. मी सायकलवर मागून यायचे. मी मागितली तेव्हा म्हणालात, "किक उलटी मारते, पाय मोडेल." दोन वर्षांनी मागितली तेव्हा म्हणालात, "जड आहे." मग मीच मागायचं सोडलं. हे रागानं लिहीत नाही, पण लिहायचं होतं.

पण बघत सगळं होते. ती किक तशीच डोक्यात आहे: दांडी आत दाबून वर फिरवली की किक, परत खाली आणली की तोच गिअर. रामनवमीच्या जत्रेत त्या पोरानं गाडी पळवायचा प्रयत्न केला आणि किक कुठं आहे तेच सापडेना म्हणून तसाच पळाला, आठवतं? आणि रविवारी सकाळी तुम्ही उजव्या बाजूला पोतं टाकून बसायचात. ठिणगीचे पॉइंट काचकागदानं घासायचे, मग दाढीची चार ब्लेडं एकावर एक धरून मधल्या फटीत सरकवून बघायची. सैल गेली की "हं", अडली की स्क्रू पाव आटा. मी विचारलं होतं, चारच का? तुम्ही म्हणालात, "तीनला मिसिंग करते." ऑफिसातल्या त्या मुलाला हे सांगितलं तर त्यानं ब्लेडची जाडी शोधून काढली. पाकिटातली एक ब्लेड मिलिमीटरचा दहावा भाग. म्हणजे चार ब्लेडं शून्य पूर्णांक चार मिलिमीटर. पुस्तकात बसेल असंच माप तुम्ही पोत्यावर बसून काढत होतात.

तेव्हा असं ठरवलंय. २२ला मी येते, आपण दोघं ताडपत्री काढू. तुमच्या गुडघ्यांमुळे तुम्ही खुर्चीत बसायचं आणि सांगायचं, पोत्यावर मी बसेन. लायसन्सची काळजी नको, माझं गिअरच्या गाडीचं दहा वर्षांपासून आहे. तुम्हाला सांगितलं नव्हतं. चालू झाली की कॅनॉलच्या रस्त्यावर तुम्ही मागं बसायचं.

तो माणूस परत आला तर सांगा, गाडी मुलीची आहे.

आई, गाडीची किल्ली तू मसाल्याच्या डब्यात ठेव, बाबांच्या खिशात नको. गोळ्या वेळेवर घ्या दोघंही.

तुमची,
सुमी

ता. क. आई, सायलेन्सरच्या जाळ्यांतला कार्बन जाळायला बाबा त्या बंबाखाली टाकायचे आणि मग आंघोळीच्या पाण्याला दोन दिवस वास यायचा, ते मी विसरलेली नाही. आता बंब नाही, सोलर आहे. तेव्हा बाबांना तुझ्या गॅसजवळ फिरकू देऊ नकोस.