बाबा, नुसती सही पुरेशी वाटली नाही

लीड्स,
रविवार रात्र

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगायला घेतलं असतं तर मी मध्येच अडखळले असते आणि आई, तू "बरं, जेवलीस का?" म्हणून विषय बदलला असतास. म्हणून लिहितेय. बाबा, चांगल्या उजेडात बसून वाचा, एका दमात नाही वाचलंत तरी चालेल. वाईट बातमी काही नाही. माझी तब्येत ठीक आहे, नोकरी नीट चालू आहे, घरातला हीटरही दुरुस्त झाला. गार पाण्याने अंघोळ करत नाही, आई.

दिवाळीत मी तुम्हा दोघांना शब्द दिला होता की मी आणि माझी जोडीदार फक्त 'सिव्हिल पार्टनरशिप' करू, म्हणजे दोघींच्या नात्याची कायदेशीर नोंदणी, लग्न म्हणणार नाही. तो शब्द मी पाळलेला नाही. गेल्या गुरुवारी आम्ही नोंदणी कार्यालयात जाऊन लग्नाची नोटीस दिली. ती किमान 28 दिवस तिथे लावलेली असते. त्यानंतरची तारीखही ठरली आहे. तुम्हाला आधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बाबा गप्प बसले असते, आणि तुमच्या गप्प बसण्यापुढे माझं आजवर कधीच काही चाललं नाही. पण शब्द मोडल्याची टोचणी आहे. चार रात्री नीट झोपले नाही.

बाबा, तुम्ही पाठवलेलं कात्रण माझ्या टेबलाच्या खणात आहे. 17 ऑक्टोबर 2023 चा, समलिंगी लग्नांबद्दलचा आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. लग्न करण्याचा मूलभूत हक्क घटनेत नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत झालं. पण सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्या. कौल यांनी अशा जोडप्यांच्या नात्याला सिव्हिल युनियन म्हणून मान्यता असावी असं म्हटलं, बाकीच्या तिघांनी तेही मान्य केलं नाही. तुम्ही त्या दोघांच्या मताखाली पेन्सिलने रेघ मारली होती. त्या रेघेकडे बघत मी कितीतरी वेळ बसले होते. ती मारण्याआधी तुम्ही किती दिवस मनाशी झगडला असाल, ते मला कळतं. माईआजीच्या पेटीवरून घरात जे झालं त्यानंतर तुम्ही कोणत्याही गोष्टीवर लेखी मत दिलेलं मला आठवत नाही. म्हणून ती रेघ मी जपून ठेवली आहे.

तुमचं म्हणणं मला पटत नाही असं नाही. लग्न हा धर्माने दिलेला शब्द आहे, तो धर्माकडे राहू दे, हक्क तेवढे कायद्याने वेगळ्या नावाने द्यावेत, कुणाचं मन दुखायला नको. इथेही बरोबर हाच वाद झाला होता. 2004 साली कायदा झाला, 2005 च्या डिसेंबरपासून पार्टनरशिपच्या नोंदी सुरू झाल्या. वारसा, पेन्शन, कर, सगळं जवळपास लग्नासारखंच, फक्त नाव वेगळं. तरी लोकांचं समाधान झालं नाही. 2013 साली लग्नाचा कायदा आला आणि 29 मार्च 2014 ला इंग्लंडमध्ये अशी पहिली लग्नं लागली. पुढे उलटंही झालं. एक स्त्री-पुरुष जोडपं थेट इथल्या सर्वोच्च न्यायालयात गेलं, कारण त्यांना लग्न नको होतं, पार्टनरशिपच हवी होती. 31 डिसेंबर 2019 पासून तशा जोडप्यांनाही ती करता येते. त्यामुळे मी पार्टनरशिपला कमी लेखते आहे असं समजू नका. मनापासून ती निवडणारे लोक आहेत. मी ती मनापासून निवडली नव्हती. तुम्हाला बरं वाटावं म्हणून निवडली होती, आणि ते तिलाही माहीत होतं.

आई, तू म्हणाली होतीस, "काय करायचं ते करा, पण देवाधर्माला त्यात ओढू नका." तर ऐक. नोंदणी कार्यालयातल्या लग्नात धार्मिक विधी करायला इथल्या कायद्यानेच मनाई आहे. प्रार्थना नाही, मंत्र नाही, धर्मग्रंथातला उतारा वाचायचा नाही. देवाला कुणी कशातही ओढणार नाही. माझी रोजची दिवाबत्ती चालू आहे, ती माझी आणि देवाची गोष्ट आहे.

तिच्या घरचंही सांगते, म्हणजे तुला एकटं वाटणार नाही. तिच्या आईला हे लग्न त्यांच्या चर्चमध्ये व्हावं असं फार वाटतं. ती स्वतः तिथे बोहल्यावर चढली, म्हणजे त्यांच्यात जे काही म्हणतात ते, आणि मुलगीही तिथेच लहानाची मोठी झाली, तिथेच गायली. पण त्यांचं चर्च ऑफ इंग्लंड, इथलं अधिकृत चर्च. त्याला अशी लग्नं लावता येत नाहीत, 2013 च्या कायद्यातच तसं लिहिलेलं आहे. दुसऱ्या ख्रिस्ती पंथांपैकी क्वेकर लावतात, मेथडिस्टांनी 2021 मध्ये परवानगी दिली. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये 2023 च्या डिसेंबरपासून नेहमीच्या उपासनेत अशा जोडप्यासाठी आशीर्वादाची प्रार्थना म्हणता येते, तेवढंच. "दुसऱ्या चर्चमध्ये जाऊ या का?" असं मी विचारलं, तर तिची आई म्हणाली, "माझं ते नाही." तेव्हा मला तूच आठवलीस. तुला धर्म यातून बाहेर हवा आहे, तिला आत हवा आहे, आणि दोघी सारख्याच रडता.

आता शब्द का मोडला ते. कार्यालयातल्या बाईंनी आम्हाला दोन्हींतला फरक नीट समजावला. पार्टनरशिप सहीने होते. कागदावर दोघींनी साक्षीदारांसमोर सही केली की झालं, तोंडातून एक अक्षर काढलं नाही तरी चालतं. लग्न मात्र बोलल्याशिवाय लागत नाही. ठरलेले शब्द दोघींनी साक्षीदारांसमोर, एकमेकींचं नाव घेऊन मोठ्याने म्हणावे लागतात. पुढे पार्टनरशिपचं लग्नात रूपांतर करता येतं, बाबा, तुम्ही हे विचाराल म्हणून तेही विचारून घेतलं. पण तेही सहीनेच होतं.

घरी परत येताना बसमध्ये माझ्या डोक्यात एवढंच होतं. पंचवीस वर्षं मी हे बोललेले नाही. कॉलेजात नाही, दादाच्या लग्नात सगळे "आता हिचा नंबर" म्हणत होते तेव्हा नाही, त्या पावसाळ्यात स्टेशनवर आई मला सरळ विचारत होतीस तेव्हाही नाही. आणि जो एकच दिवस बोलायचा, तोही मुकाट सही करून संपवायचा?

बाबा, तुम्ही मला रोज सकाळी पेपरातले मथळे मोठ्याने वाचायला लावायचात. मी पुटपुटले की पेपर खाली करून म्हणायचात, "ओठातल्या ओठात नको. तोंड उघड, शेवटच्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे." मी दूध पिऊन मिशी तशीच ठेवून वाचायची आणि आई मागून पदराने तोंड पुसायचीस. आई, तू बाबांचं नाव घेत नाहीस. पण आत्याच्या मंगळागौरीला तू घेतलेला उखाणा मला अजून पाठ आहे. तुझा आवाज त्या दिवशी वेगळाच होता. मी दाराला धरून उभी होते. मला तसं तिचं नाव घ्यायचं आहे, चार माणसांत. ते शब्द इंग्रजीतच म्हणावे लागतात, पण मी रात्री मराठीत म्हणून पाहिले: "इथे जमलेल्या सर्वांच्या साक्षीने मी तुला माझी पत्नी म्हणून स्वीकारते." म्हणताना कुठे अडखळले नाही.

तिकडे कशात काही बदल होणार नाही. हा कागद भारतात लग्न म्हणून चालत नाही, तिथे कायद्याने मी अविवाहितच. तुमच्या फाइलींना, घराच्या कागदांना हात लागणार नाही. पत्रिका छापणार नाही, फोटो कुठे टाकणार नाही, ग्रुपवर तर नाहीच. तुम्ही या असा आग्रह नाही. यावंसं वाटलं तर तिकीट, व्हिसा, विमा सगळं मी बघेन. राहायची खोली तळमजल्यावर आहे, आई, एकही जिना नाही. नाही आलात तर त्यावरून माझ्या मनात काही धरणार नाही, हे अगदी खरं.

बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी येते आहे, रजा मंजूर झाली. एकटीच येईन. आदल्या दिवशी डोकं धुवून घ्या, नंतर बरेच दिवस डोक्यावरून पाणी घेता येत नाही. थेंबांच्या वेळा मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावीन. बीपीची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून चुकवायची नाही. आई, माळ्यावरचं काही काढायला स्टुलावर चढायचं नाही, गुडघा अजून सुजलेला आहे हे दादाने मला सांगितलंय. न्हाणीघरात धरायला दांडा बसवायला माणूस पाठवला होता, त्याला परत का पाठवलंत? या वेळी बसवून घ्याच.

आत्याला हे पत्र दाखवू नका. तिला मीच सांगेन, आल्यावर, तिच्या घरी जाऊन. तुम्हाला कुणापुढे उत्तर द्यायला लागू नये. कुणी विचारलंच तर "तिलाच विचारा" म्हणा आणि चहा ठेवा.

बुधवारी नेहमीच्या वेळेला फोन करते. याबद्दल बोलायचं नसेल तर बोलू नका, गुडघ्याचं सांगा. फक्त फोन उचला.

तुमची,
छकुली